रिरिसच्या आजोबांचं दृढीकरण

शनिवार, १ मार्च

पाळकबाईंनी सांगितलं की दृढीकरणाच्या वर्गातल्या प्रत्येकाने रोजनिशी लिहायची. मनात येईल ते लिहा, मी वाचणार नाही, देव वाचेल. नऊ पोरांनी माना डोलावल्या. दहावा मी. मी विचारलं, "देवाला माझं अक्षर लागेल का?" पोरं हसली. मी विनोद केला नव्हता.

आमची नात रिरिस माझ्या पुढच्याच बाकावर होती. ती तासभर मागे वळली नाही. तिची मान मात्र लाल झाली होती.

या वर्गात मी कसा आलो ते लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात आमच्या गावातला कादिमन वारला. त्याच्या मयताला चर्चची घंटा एवढी वाजली की सरोवराच्या पलीकडे ऐकू गेली म्हणतात. नंतर माडीच्या गुत्त्यात बसलो होतो तेव्हा सहातगुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, "रिरिसचे आजोबा, तुमच्या वेळी घंटा वाजायची नाही. तुमचं दृढीकरण कुठे झालंय? तुम्हाला गुपचूप न्यावं लागेल, मांजरासारखं."

सहातगुरुजी हे निवृत्त हेडमास्तर, शिवाय चर्चचे वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे. त्यांना नियम माहीत असणारच. माझी तिन्ही मुलं संसाराला लागलेली, प्रत्येकाला लेकरं. असा माणूस जातो तेव्हा आमच्यात ढोल वाजतात, म्हैस कापतात, लोक नाचतात. आणि घंटा नाही? मी दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घातलं.

तसं हे काम पोरवयातच व्हायचं. बाप्तिस्मा आईबाप देतात, तेव्हा आपण झोपलेले असतो. पुढे पंधराव्या वर्षी मंडळीसमोर उभं राहून आपल्या तोंडाने "हो, माझा विश्वास आहे" म्हणायचं. मी पंधराव्या वर्षी जंगलात लाकूडतोडीच्या छावणीवर होतो. नंतर तियामसाला पळवून आणलं आणि लग्न झालं. तेव्हाचे पाळक म्हणाले, आता तरी वर्गाला बस. मी म्हटलं, लग्न झालेला माणूस पोरांच्या बाकावर बसत नाही. ते पाळक बदलून गेले. त्यांच्यानंतर चार गेले. मी शब्दाचा पक्का.

रविवार, २ मार्च

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. दृढीकरण झालेले पुढे जाऊन गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षारस घेतात. त्या वेळी मी बाहेर पायऱ्यांवर बसतो आणि कुत्री हाकतो. हे काम मला कोणी दिलेलं नाही, पण मी नसतो तर कुत्री वेदीपर्यंत गेली असती. आज तीन हाकलली.

तियामसा बाहेर आली तेव्हा तिला म्हटलं, "लवकरच कुत्र्यांना दुसरा माणूस बघावा लागेल." ती म्हणाली, "कुत्री रडतील."

इतक्या वर्षांत तिला मी एकदाही गंभीरपणे बोलताना पाहिलं नाही.

शनिवार, ८ मार्च

पाळकबाईंनी हजेरी घेतली. "मेलांतोन मलाउ." कोणीच उत्तर देईना. त्यांनी दोनदा पुकारलं. मग रिरिस मागे न वळता म्हणाली, "आजोबा, तुम्ही."

माझंच नाव. आमच्यात पहिलं नातवंड झालं की माणूस त्याच्या नावाने ओळखला जातो. पंधरा वर्षं मी रिरिसचा आजोबा आहे, त्याआधी अमुकचा बाप होतो. मेलांतोन कोण, हे मलाही आठवावं लागलं. पाळकबाई म्हणाल्या, "आपला पंथ सुरू करणाऱ्या ल्यूथरसाहेबांच्या जिवलग मित्राचं नाव आहे तुमचं. फार मोठा विद्वान." मी पोरांकडे बघितलं. पोरांवर परिणाम झालेला दिसला नाही.

वर्ग सुटल्यावर मी बाईंना घंटेचा नियम विचारला. त्या वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या, नुकत्या शहरातून आलेल्या. म्हणाल्या, "असा काही नियम नाही, आजोबा. घंटा सगळ्यांसाठी वाजते."

"सहातगुरुजी म्हणाले."

"गुरुजींनी गंमत केली असेल."

गुरुजी गंमत करत नाहीत. त्यांना मी चाळीस वर्षं ओळखतो. घरी येऊन तियामसाला सांगितलं की घंटा तशीही वाजणारच आहे, तर वर्ग सोडून देतो. ती मासा साफ करत होती. तिचे हात थांबले. मग म्हणाली, "सोडा. गुरुजींना बरंच वाटेल. ते म्हणालेच होते, दोन शनिवार टिकलात तर पुष्कळ."

आता मी सोडणार नाही.

गुरुवार, २० मार्च

प्रश्नोत्तरी पाठ होत नाही. दहा आज्ञांतली एकेक आज्ञा असते, तिच्यामागे लगेच प्रश्न येतो, "याचा अर्थ काय?" आणि मग लांबलचक अर्थ. आज्ञा येते, प्रश्न येतो, अर्थ निघून जातो. घरात म्हटलं की तियामसा आतून चुका काढते, म्हणून मी ठरवलं की कामावर, माडीच्या झाडावर पाठ करायचं. माडी काढताना देठ लाकडी दांड्याने हळूहळू ठोकावा लागतो, गाणं म्हणत म्हणत, म्हणजे रस उतरतो. गाण्याऐवजी आज्ञा म्हटल्या तर झाडाला काय फरक पडणार?

पहिल्या झाडाची भरलेली बांबूची नळी नेहमीप्रमाणे बुंध्याशी ठेवली आणि दुसऱ्यावर चढलो. हल्ली त्या नळ्या खाली येईतोवर हलक्या होतात. उदमांजराचं काम आहे, मी ओळखून आहे.

वर धुकं होतं, खालचं काही दिसत नव्हतं. मी ठोकत होतो आणि म्हणत होतो. चर्चमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज लावायला पाळकबाईंनी सांगितलंय, तोच लावला. "चोरी करू नको." मग ठोका. "याचा अर्थ काय?" अर्थ आठवेना. थांबलो. पुन्हा जरा मोठ्याने म्हटलं, "चोरी करू नको. याचा अर्थ काय?" खाली काहीतरी धडपडलं, आणि "क्षमा कर, क्षमा कर" असं काहीसं ऐकू आलं. धुक्यात सरोवरावरून आवाज कसेही येतात.

खाली उतरलो तर नळी आडवी पडलेली, अर्धी माडी सांडलेली. बाजूला निळ्या काठाचा पांढरा मग, कोणाचा तरी वाटेत पडलेला. घरी आणून तियामसाला दिला. तिने तो उलटा करून तळ पाहिला आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

"काय झालं?"

"काही नाही. ठेवते. मालक येईल कधीतरी."

उदमांजराला सापळा लावायला हवा.

रविवार, २३ मार्च

आज चर्चमध्ये आश्चर्य घडलं. सहातगुरुजी लंगडत आले. प्रार्थनेची पाळी त्यांची होती. प्रार्थना मधेच थांबवून ते मंडळीकडे वळले. म्हणाले, "बंधूंनो, मला आकाशातून वाणी ऐकू आली. देव माझ्याशी बोलला." मंडळी गार. काय बोलला ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त म्हणाले की ते त्यांच्यात आणि देवात आहे, आणि यापुढे ते माडीला शिवणार नाहीत.

तियामसाने गाण्याचं पुस्तक तोंडावर धरलं होतं. तिचे खांदे हलत होते. भक्तीने माणूस असा हलतो, मी पाहिलंय.

नंतर मी गुरुजींना गाठलं. "आवाज कसा होता?"

"भारदस्त," ते म्हणाले. "पण मायाळू. विचारून थांबला. मला उत्तर द्यायला वेळ दिला."

खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. मी तीन आठवडे घसा कोरडा करतोय, देव माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आणि मला मांजर म्हणणाऱ्या माणसाशी बोलतो.

शनिवार, ५ एप्रिल

लेखी परीक्षा झाली. माझ्या डाव्या हाताला तोगार बसतो, उजव्या हाताला बेर्लियाना. तोगार हळूच म्हणाला, "आजोबा, जरा सरका, दिसत नाही." मला बरं वाटलं. कोणी माझं बघून लिहावं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी कागद त्याच्याकडे वळवला. बेर्लियानालाही वाईट वाटू नये म्हणून मधे मधे तिच्याकडे वळवला.

पाळकबाईंनी कागद तपासले आणि विचारलं, "आदाम आणि हव्वा यांनी ज्या बागेत फळ खाल्लं तिला तिघांनी सापाची बाग म्हटलंय. पवित्र आत्म्याच्या जागी तिघांनी गुरुजी लिहिलंय. कसं?"

गुरुजींचं मी घाईत लिहिलं होतं. हल्ली डोक्यात तेच असतात.

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. रिरिस हसली नाही. ती उठून बाहेर गेली. वर्ग सुटल्यावर मी वाटेत तिच्याशी बोलायला गेलो तर म्हणाली, "आजोबा, शाळेत मला सापाची नात म्हणतील."

पोरीला माझ्यामुळे मान खाली घालावी लागते. पुरे झालं. सोमवारी बाईंना निरोप पाठवतो.

रविवार, ६ एप्रिल

पुन्हा पहिला रविवार. बाहेर बसलो. दोन कुत्री. एक माझ्याशेजारी येऊन झोपलं, त्याला मी हाकललं नाही.

घरी येऊन तियामसाला सांगितलं की मी वर्ग सोडतोय, नातीसाठी. मला वाटलं ती काहीतरी टोचून बोलेल, मग मी उत्तर देईन. ती म्हणाली, "बरं." एवढंच. रात्रीचा भात करपला. आमच्या घरी भात करपत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

तीन दिवस ती माझ्याशी "हो" आणि "नाही" यापलीकडे बोललेली नाही. टोमणा नाही, काही नाही. घर एकदम परक्याचं वाटतंय. मी मुद्दाम चिखलाचे पाय घेऊन आत आलो. तिने पुसून घेतलं.

संध्याकाळी रिरिस आली. पायरीवर माझ्याशेजारी बसली, पायाने माती उकरू लागली. मग म्हणाली, "आजोबा, आई म्हणाली तुम्ही वर्ग सोडताय. सोडू नका. मी पोरांना सांगितलंय, कोणी हसलं तर बघून घेईन."

"तुझ्या आजीने पाठवलं का?"

"नाही. आजीला कळलं तर मारेल." तिने आत चुलीकडे बघून घेतलं. "तुम्हाला माहीत आहे का, प्रभुभोजनाला आजी कुठे बसते?"

"पुढे."

"पुढे कुठे? आधी नवराबायकोच्या जोड्या जातात, मग तरुण, असं पाळकबाई बोलावतात. सगळ्यांत शेवटी विधवा. आजी त्यांच्यात जाते. लोइदेच्या आजीच्या शेजारी. कायम."

मी म्हटलं, "मी तर जिवंत आहे."

"हो ना," रिरिस म्हणाली. "म्हणून तर."

मला हे माहीत नव्हतं. कसं असणार? मी बाहेर असायचो.

आज याहून जास्त लिहिता येत नाही.

शनिवार, १२ एप्रिल

वर्गाला गेलो. सर्वांत आधी. तोगार आला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्याच बाकावर बसतो, पण या वेळी तुम्ही माझं बघा." मी म्हटलं, "दोघांनी मिळून बेर्लियानाचं बघू." त्याला पटलं.

पाळकबाईंनी निरोपाचा विषय काढला नाही. मीही पाठवला नव्हता.

घरी आल्यावर तियामसाला म्हटलं, "माझी प्रश्नोत्तरी घेशील का?" ती दळत होती. न बघता म्हणाली, "कोणत्या भागापासून?"

"पहिल्यापासून."

"मग जेवून घ्या. उपाशीपोटी तुम्हाला पहिली आज्ञासुद्धा झेपायची नाही."

टोमणा ऐकून मला इतकं बरं वाटलं की दोनदा भात घेतला.

बुधवार, १४ मे

तियामसाला सगळी प्रश्नोत्तरी तोंडपाठ आहे. चुकलो की ती हातातली पळी आपटते. माझ्यापेक्षा तीच चांगली पाळक झाली असती, फक्त अर्धी मंडळी पळून गेली असती.

कोटाची पंचाईत आहे. मुलांनी काळा कोट आणि टाय घालायचा असतो. माझा जुना कोट लेकाने शहरात नेला. सहातगुरुजींनी स्वतः घरी येऊन आपला कोट दिला. वाणी ऐकल्यापासून ते फार बदलले आहेत. त्यांना पाहून तियामसाने विचारलं, "कॉफी घेणार ना, गुरुजी? मगात देऊ का?" आणि आतून तो निळ्या काठाचा मग आणला. गुरुजींना एकदम कुठेसं जायचं आठवलं. कॉफी न घेताच गेले. बिचारे.

कोट मला दोन माणसांचा होतो. बाह्या आत दुमडून शिवल्या आहेत.

शनिवार, ७ जून

उद्या. प्रत्येकाला मंडळीसमोर एक प्रश्न विचारतात. कोणता ते आधी सांगत नाहीत. फोटो मात्र आजच काढून घेतला. शहरातून आलेला फोटोवाला उंचीप्रमाणे उभं करत होता. त्याने कॅमेऱ्यातून बघतच सांगितलं, "ए मागचा बुटका, पुढे ये, पोरींच्या रांगेत." मी पुढे गेलो. त्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढून नीट बघितलं आणि तीनदा माफी मागितली. मी रिरिसच्या शेजारी उभा राहिलो. तिने माझा टाय सरळ केला.

तियामसाने जेवताना विचारलं, "भीती वाटते का?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "मला वाटते."

रविवार, ८ जून

जसं झालं तसं लिहितो.

चर्च खच्चून भरलं होतं. रिरिसला पहिला प्रश्न आला, तिने न अडखळता उत्तर दिलं. तोगारला विश्वासांगीकार, म्हणजे कशाकशावर विश्वास आहे ते सांगणारा पाठ, विचारला, तो मधेच पाण्यात पडल्यासारखा श्वास घेत होता, पण पोचला पैलतीरी. मग पाळकबाई म्हणाल्या, "मेलांतोन मलाउ. सातवी आज्ञा."

मी उभा राहिलो. कोट माझ्यानंतर उभा राहिला. मागच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज लावला, झाडावरचा. "चोरी करू नको. याचा अर्थ काय?"

चर्चच्या वडिलांच्या बाकावर सहातगुरुजींच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. ते माझ्याकडे बघत राहिले. आधी पांढरे झाले, मग लाल. मला वाटलं त्यांना पुन्हा वाणी ऐकू आली. माझ्या वेळेलाच का यावी? त्यांच्याकडे बघण्यात अर्थ विसरलो. तियामसा तिसऱ्या बाकावर होती, तिचे ओठ हलत होते, पण इतक्या लांबून वाचता येईना.

मी पुन्हा म्हटलं, "याचा अर्थ काय?"

तेव्हा गुरुजी जागेवरच उठून, मोडक्या आवाजात म्हणाले, "शेजाऱ्याचं काही घेऊ नये. उलट त्याचं जे आहे ते टिकावं, वाढावं, म्हणून त्याला मदत करावी."

ते ऐकलं आणि पुढचं सगळं मला धडाधड आठवलं. मी म्हणून टाकलं. पाळकबाई गुरुजींना म्हणाल्या, "वडिलांनी सांगायचं नसतं." गुरुजी म्हणाले, "मला विचारलं होतं." आणि खाली बसले.

मग आम्ही दहाजण गुडघ्यांवर बसलो. "तुमचा विश्वास आहे का?" असं विचारलं. नऊ पोरांनी "हो" म्हटलं. माझं "हो" मागाहून एकटंच आलं. बाईंनी डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता.

प्रभुभोजनाला बाईंनी जोड्यांना बोलावलं. मी तियामसाच्या बाकाशी जाऊन उभा राहिलो. ती उठेना. मी म्हटलं, "चल." ती म्हणाली, "पाय सुन्न झालेत." तिचे पाय कधी सुन्न होत नाहीत, ती डोंगर चढते. मी हात दिला. ती उठली आणि वेदीपर्यंत तिने माझी बाही सोडली नाही. दुमडलेली शिवण उसवली, बाही बोटांच्या खाली लोंबू लागली.

द्राक्षारस फार पातळ होता. मी तसं हळूच म्हटलंही. तियामसाने कोपर मारलं. मग ती रडली. मला वाटलं कोपर लागलं.

बाहेर आलो तर पायरीवर दोन कुत्री आरामात झोपलेली. कोणीही आत गेलं नव्हतं.

सोमवार, ९ जून

सकाळी दारात तांदळाचं एक पोतं आणि मोठा मासा ठेवलेला. नाव नाही. तियामसा म्हणाली, "उदमांजराने दिला असेल." उदमांजर मासा कशाला देईल?

गुरुजींचा मग तिने धुऊन त्यांच्या घरी पोचवला. त्यांचाच होता म्हणे. हे मला आधी का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाली, "तुमचं पाठांतर बिघडलं असतं."

रविवार, ६ जुलै

आज पुन्हा प्रभुभोजन होतं. जोड्यांना बोलावलं. मी उठलो, तियामसाही उठली. तेवढ्यात मागच्या बाकावरून लोइदेची आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. त्या ऐंशीच्या पुढच्या, कानाने कमी, त्यामुळे त्यांचं पुटपुटणंही मोठं.

"गेल्या महिन्यात तुम्ही ही आमच्यातून पळवून नेलीत," त्या मला म्हणाल्या. "पुन्हा पळवून नेलीत. आता गुडघ्यांवरून मला कोण उठवणार? बाकीच्या सगळ्या माझ्याहून म्हाताऱ्या."

पाळकबाई प्याला हातात धरून थांबल्या होत्या. तियामसाने माझ्याकडे बघितलं. मी लोइदेच्या आजीकडे गेलो आणि माझा दुसरा हात पुढे केला.

"मी जोडी नाही," त्या म्हणाल्या.

"चला तर," मी म्हटलं. "इथे कोणी मोजत नाही."

तर आम्ही तिघं गेलो. मधे मी, एका हाताला तियामसा, दुसऱ्या हाताला लोइदेची आजी. दोघींनी एकदम गुडघे टेकले आणि मलाही खाली ओढलं. पाळकबाईंनी काही विचारलं नाही, तीन तुकडे दिले. उठताना मात्र घोटाळा झाला. लोइदेची आजी माझ्या आधाराने उठू बघत होती, मी तियामसाच्या, आणि तियामसा हसत सुटली होती, त्यामुळे तिघांपैकी कोणालाच उठता येईना.

शेवटी तोगार आणि रिरिस पुढे आले आणि त्यांनी आम्हाला एकेक करून उचललं.